आधी एकदा 'नको' म्हणा

निवृत्त होईपर्यंत मी नेमकं काय काम करते हे माझ्या नवऱ्याला धड सांगता आलं नाही. कुणी विचारलं की ते म्हणायचे, "ती हॉस्पिटलात सह्या घेते." त्यामुळे आमच्या बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या निम्म्या लोकांना मी बिलाच्या खिडकीत बसते असं वाटायचं आणि उरलेल्यांना मी कसली तरी चळवळ चालवते असं. एका लग्नात तर एक बाई मला कोपऱ्यात घेऊन गेल्या आणि गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराच्या अर्जावर सह्या गोळा करून द्याल का म्हणाल्या. मी दिल्या. दोन संध्याकाळी हिंडून चाळीस सह्या आणल्या. सह्या घेण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि आज लिहायचं आहे ते या फुशारकीबद्दलच.

काम असं. नवं औषध बाजारात यायच्या आधी ते माणसांना देऊन बघावं लागतं. आधी उंदीर-सशांवर बघतात, पण उंदराला चक्कर आली तर तो सांगत नाही. शेवटी माणूस लागतो, आणि त्या माणसाला आधी सगळं सांगावं लागतं. औषध नवं आहे, गुण येईलच असं नाही, अपायही होऊ शकतो. तुम्हाला नवं मिळणार की नेहमीचं, ते तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही. यायचं की नाही ही तुमची मर्जी, मधेच सोडलंत तरी चालेल, आणि नाही आलात तरी तुमचे नेहमीचे उपचार चालू राहतील. हे सांगून, समजलं का ते विचारून मग सही घ्यायची. हे करणाऱ्या बाईला स्टडी कोऑर्डिनेटर म्हणतात. बावीस वर्षं ती बाई मी होते, त्यातली शेवटची नऊ एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात.

सांगायचं ते सगळं छापून आलेलं असतं. शेवटी-शेवटीच्या एका अभ्यासाचा कागद तेवीस पानांचा होता. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला सूज येते, तिच्यावर डोळ्यात द्यायच्या एका नव्या इंजेक्शनचा तो अभ्यास. कागद कानडीत, हिंदीत, तमिळमध्ये आणि मराठीतही आला होता. मराठी भाषांतर ज्याने केलं त्याच्याशी घरी कुणी मराठीत बोलत नसावं. "आपणांस यादृच्छिक पद्धतीने दोनपैकी एका गटात नियुक्त करण्यात येईल" असं एक वाक्य होतं. ते वाचून एका गृहस्थांनी मला "पर्मनंट की टेंपररी?" असं विचारलं.

मी ते माझ्या पद्धतीने सांगायचे. आमच्याकडे कार्तिकात भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते, बेंगळुरूत राहणाऱ्याला ती सांगावी लागत नाही. मी म्हणायचे, शेंग वरून बघून आत दाणे किती ते कळतं का? तसंच हे. फरक इतकाच की आमच्या अभ्यासात शेंग शेवटपर्यंत फोडायची नाही. हे सगळ्यांना कळायचं. एका आजोबांना तर इतकं कळलं की पुढच्या खेपेला ते पिशवीभर शेंगा घेऊन आले, आणि अभ्यासातल्या माणसाकडून भेट घेता येत नाही हे त्यांना समजावताना मला पुन्हा तेवीस पानांइतकं बोलावं लागलं.

लोकांना वाटतं, शिकलेल्या माणसाची संमती घेणं सोपं. महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत काम करणारा, नागपूरहून आलेला एक इंजिनिअर होता. तो कागद घरी घेऊन गेला आणि दोन दिवसांनी तीन रंगांत रेघा मारून परत आला. त्याचे प्रश्न सव्वा तास चालले. त्याची माहिती कुठल्या सर्व्हरवर राहणार, तो सर्व्हर कुठल्या देशात आहे, पंधरा वर्षांनी ती पुसणार कोण. डोळ्यात सुई जाणार याबद्दल एकही प्रश्न नाही. शेवटी मीच विचारलं. तो म्हणाला, "ते काय मॅडम, डॉक्टर बघतीलच. मी रोज दहा ठिकाणी न वाचता आय अ‍ॅग्री दाबतो, इथे निदान वाचलं तरी." एवढा वेळ त्याची बायको शेजारी गप्प बसून पान चौदा वाचत होती. पान चौदावर 'संभाव्य धोके' असतात. तिने कागद मिटला आणि नवऱ्याला फक्त "ऊठ" म्हणाली. तो उठला. त्या दिवशी खरी समजून-उमजून संमती कुणी दिली असेल तर त्या बाईने, आणि तीही नकाराची.

आता साक्षीदाराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याला सगळं समजावताना एक तिऱ्हाईत माणूस समोर बसलेला लागतो. तो हॉस्पिटलचा नको, औषध कंपनीचा नको, पण लिहिता-वाचता येणारा हवा. त्याने पूर्ण बोलणं ऐकायचं आणि "होय, या माणसाला हे सांगितलं, त्याला ते कळलं आणि त्याने आपखुशीने हो म्हटलं" अशी सही करायची. शिवाय समोर कॅमेरा लावून सगळ्याचं चित्रीकरण. नियम चांगला आहे, पण दुपारी साडेबाराला असा तिऱ्हाईत आणायचा कुठून? पेशंटच्या नातेवाइकांना घरी जायची घाई, आणि पेशंटपेक्षा त्यांचंच "कर की सही" जास्त.

आम्हाला शिवण्णा मिळाला. हॉस्पिटलच्या फाटकासमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. पन्नाशीचा, सावकाश माणूस. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा तो आधी दुकानात परत गेला, केस विंचरले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मग कॅमेऱ्यासमोर बसला. पुढे प्रत्येक वेळी हेच. कानडी कागदाच्या ओळीखालून बोट फिरवत तो मी वाचते ते तपासायचा. मी एखादं वाक्य गाळलं की बोट तिथेच थांबायचं आणि तो "स्वल्प निल्ली" म्हणायचा. थांबा जरा. हा साक्षीदार आहे की वकील, असं आमचे मोठे डॉक्टर वैतागून म्हणायचे. पण यायचा. बदल्यात काही घ्यायचा नाही, चहासुद्धा नाही, कारण चहा घेतला तर तिऱ्हाईतपणा जातो असं त्याचं मत होतं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मराठी बोलणारे पेशंट आले की मात्र शिवण्णाचं बोट चालायचं नाही. तेव्हा मी त्याला दारातच सांगायचे, "शिवण्णा, कानडीत सांगते तेच मराठीत सांगितलं, दुसरं काही नाही." तो "सरी अक्का", ठीक आहे ताई, म्हणून सही करायचा. असे नऊ पेशंट झाले.

कंपनीकडून दर दीड महिन्याने फायली तपासायला एक मुलगी यायची. तिला मॉनिटर म्हणतात. अतिशय नम्र, आणि म्हणूनच तिची भीती वाटायची. एकदा तिने सगळ्या फायली टेबलावर मांडल्या आणि हळूच विचारलं, "मॅडम, हे शिवण्णा कोण? सगळीकडे हेच आहेत." शिवण्णाला बोलावणं गेलं. हॉस्पिटलशी काही संबंध आहे का, असं तिने विचारल्यावर तो म्हणाला की आपला संबंध फक्त झेरॉक्सच्या मशिनशी आहे आणि तोही सध्या बरा नाही. मी हसले. मग तिने विचारलं, यातल्या नऊ फायली मराठीतल्या आहेत, तुम्हाला मराठी येतं का? शिवण्णा "स्वल्प स्वल्प" म्हणाला. मग या नऊ जणांना काय सांगितलं ते तुम्हाला कळलं होतं का? त्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. मीच घाईघाईने काहीतरी खुलासा केला, तिने 'पुढे साक्षीदाराला भाषा येते याची खात्री करावी' अशी एक ओळ लिहिली आणि विषय संपला. माझ्यापुरता संपला. शिवण्णाने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तुळजाबाई आली.

गांधी बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं ब्लाऊज शिवायचं छोटं दुकान. वय पंचावन्नच्या आसपास. मधुमेहाने उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती आणि डावाही फार भरवशाचा नव्हता. सुईत दोरा ओवता येईना म्हणून सून सकाळी वीस-पंचवीस सुया ओवून एका गादीला टोचून ठेवायची आणि सासूबाई दिवसभर त्यातली एकेक काढायच्या. बाहेरच्या बाकावर सासू-सुना मराठीत कुजबुजत होत्या ते मी जाता-जाता ऐकलं आणि म्हटलं, "बसा की हो नीट, अवघडून का बसलात?"

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बेंगळुरूतल्या जुन्या मराठी माणसालाच कळेल. तीन-चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलेली आमची घरं. मराठी आता घराच्या उंबऱ्याच्या आत उरलेली. रस्त्यावर कानडी, शाळेत कानडी, हॉस्पिटलात तर इंग्रजीच. तिथे परकी बाई आपल्या घरातल्यासारखी बोलली की माणूस विरघळतं. "आमच्यातल्या होय तुमी?" तुळजाबाईने विचारलं आणि माझा हातच धरला. मग कुलदैवत निघालं, माहेर निघालं, तिची चुलत नणंद माझ्या मावशीच्या शेजारी राहायची असं निघालं. कॅमेरा लावून मी अभ्यासाचं सांगायला बसले तेव्हा मधेच तिने चकलीच्या भाजणीत डाळं किती घालता तेही विचारून घेतलं.

तिला सामील करून घ्यायची मला घाई होती हे कबूल करते. आमच्या हॉस्पिटलच्या वाट्याला वीस पेशंट होते, अठरा झाले होते आणि मुदत संपत आली होती. मोठे डॉक्टर रोज विचारायचे. शिवाय माझी ख्यातीच तशी होती. ते सगळ्यांसमोर म्हणायचे, "सुमित्रा मॅडम बोलल्या की पेशंट नाही म्हणतच नाही," आणि मी पदर सावरत "काहीतरीच काय" म्हणायचे. ती स्तुती आहे अशी माझी इतकी वर्षं समजूत होती.

तुळजाबाईला मी सगळं सांगितलं. प्रत्येक वाक्याला ती मान डोलावून "हो अक्का" म्हणत होती. समजलं का हे बघायला मी ठरलेले प्रश्न विचारले. कशाचा अभ्यास? "नव्या औषधाचा." मधेच सोडता येईल का? "येईल की." नाही म्हटलंत तर चालेल? "चालेल, पन न्हाई कशाला म्हनू? तुमी सांगितलं म्हंजे सरी." तिला मराठी बोलता येत होतं पण वाचता येत नव्हतं, वाचायला कानडी आणि तेही अक्षर-अक्षर लावून. म्हणजे साक्षीदार हवाच. तिने पेन मागून घेतलं. मी शिवण्णाकडे बघितलं.

शिवण्णाचं पेन खिशातच होतं. "नानु सही माडल्ला, अक्का," तो म्हणाला. मी सही करणार नाही.

मला वाटलं, मॉनिटरचा राग अजून गेलेला नाही. मी त्याला सांगितलं की तेच सांगितलं आहे, नेहमीचं, बाई खुशीने तयार आहेत, बघतोस ना. तो शांतपणे कानडीत म्हणाला, "तासभर तुम्ही दोघी छान बोललात. मला दोन शब्द कळले, इंजेक्शन आणि चकली. मी कशाची साक्ष देऊ?"

तुळजाबाईला कानडी येतं ना, मग पुन्हा कानडीत सांगा, एवढंच त्याचं म्हणणं. ती म्हणाली, "कशाला अक्का, तुमाला तरास?" मलाही त्रासच वाटत होता. बाहेर डॉक्टर खोळंबले होते. मी तोंड वाकडं करून कानडी कागद उघडला आणि लांबच्या माणसाला सांगावं तसं कोरडं, भरभर वाचायला लागले. शिवण्णाचं बोट ओळीखालून चालू लागलं.

तिसऱ्या-चौथ्या पानावर तुळजाबाई खुर्चीत सरळ होऊन बसली. पदर कमरेला खोचला. हे मला नंतर आठवलं, तेव्हा मी घड्याळ बघत होते. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की ही सुई आधी किती जणांच्या डोळ्यात घातली? मी सांगितलं. ते लोक कुठले? मी सांगितलं. नवं औषध मिळालं का जुनं हे डॉक्टरांनाही कळणार नसेल तर त्रास झाल्यावर ते कशावर इलाज करणार? मी पानं उलटली. तशा वेळी शेंग फोडून बघायची सोय असते, ते पान अकरावर होतं, ते सांगितलं. तीस वर्षं ती गांधी बाजारातल्या गिऱ्हाइकांशी कानडीत भांडली होती. बाही तोकडी झाली, गळा मोठा झाला, कापड उरलं ते कुठे गेलं, या सगळ्याला तिने त्याच भाषेत उत्तरं दिली होती. मराठीत ती कुणाची तरी सून होती, कुणाची जाऊ होती. कानडीत ती दुकानाची मालकीण होती.

मग पान चौदा आलं. शिवण्णाचं बोट होतं म्हणून मला ते जसंच्या तसं वाचावं लागलं: क्वचित संसर्ग होऊन त्या डोळ्याची दृष्टी कायमची जाऊ शकते.

तुळजाबाईने माझ्याकडे पाहिलं. का ते मला समजलं. तासाभरापूर्वी मराठीत याच जागी मी म्हटलं होतं, "क्वचित कधी डोळ्याला थोडा त्रास होतो." मी खोटं बोलायला बसले नव्हते. पण आमच्या घरात बांगडी फुटली तर ती 'वाढली' म्हणतात, दिवा मालवायचा तर 'शांत करा' म्हणतात, उंबऱ्याबाहेर पडताना 'जाते' म्हटलं तर आई पाठीत धपाटा घालायची, 'येते' म्हण. त्या भाषेत समोरच्या सवाष्णीला 'तुझा डोळा जाईल' हे माझ्या तोंडून निघालं नाही. निघालं नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. कानडीत निघालं, कारण तिथे मला कुणी धपाटा घातला नव्हता.

तिने शेवटचं विचारलं ते अगदी हळू. मी यात आले नाही तर माझ्या डोळ्याचं इथलं औषध बंद करणार का? मी म्हटलं नाही, बुधवारच्या बाह्यरुग्ण विभागात नेहमीचं इंजेक्शन मिळेल, पण रांग असेल, कागदपत्रं लागतील, अभ्यासात जसं फुकट आणि लगेच मिळतं तसं नाही. तिने हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"बेडा," ती म्हणाली. नको. मापाचं नसलेलं अस्तर परत करावं तसं. आणि लगेच माझ्याकडे वळून मराठीत, "राग नका मानू, अक्का."

शिवण्णा उठून शर्टाचं बटण सोडत दुकानात निघून गेला. आता काही लिहायचं उरलं नव्हतं.

डॉक्टर ओरडले नाहीत. अठरावरच थांबलो म्हणायचं, एवढंच बोलले. मी मात्र दुसऱ्या दिवशी त्या नऊ मराठी पेशंटांची चित्रीकरणं काढून बघायला बसले. स्वतःला इतका वेळ बघायची ती माझी पहिलीच खेप. छान दिसत होते. लोकांची चौकशी करत होते, हसत होते, शेंगांचं उदाहरण रंगवून सांगत होते. आणि पान चौदाशी आले की नऊच्या नऊ वेळा, त्याच गोड आवाजात, "थोडा त्रास". समोरचा माणूस नऊच्या नऊ वेळा "हो अक्का". त्यातल्या सगळ्यांना इंजेक्शनं सुरू झाली होती. कुणाच्याही डोळ्याला काही झालं नव्हतं, ही देवाची कृपा, माझी नव्हे.

मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले की लिहून द्यावं लागेल. अभ्यासात असं काही चुकलं की ते नीतिसमितीला लेखी कळवायचं असतं. त्या चार ओळी लिहायला मला तीन दिवस लागले. समितीत डॉक्टर असतात, एक वकील असतात आणि एक तुमच्या-आमच्यासारखं साधं माणूस असतं. आमच्याकडे ते साधं माणूस म्हणजे एक निवृत्त शाळामास्तर होते. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "इतकी वर्षं हे काम केलंत, मग असं कसं झालं?" मला शिक्षा अशी झाली की तेवीस-चोवीस वर्षांच्या नव्या मुलींबरोबर संमती कशी घ्यावी याच्या प्रशिक्षणाला दोन दिवस बसवलं. त्यातल्या निम्म्या मुलींना ते काम मीच शिकवलं होतं. त्या मला पेन्सिल द्यायच्या आणि डोळे चुकवायच्या.

नऊ जणांना परत बोलावून, शिवण्णासमोर, कानडीत पहिल्यापासून सांगितलं. सात जण राहिले. दोघे सोडून गेले. त्यातली एक बाई म्हणाली, "आता विचारलंत म्हणून सांगते, मला पहिल्यापासून भीती वाटत होती." ते ऐकून मला खूप वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

तुळजाबाई नकार देऊन वाचली असं मात्र कुणी समजू नये. अभ्यासात राहिले त्यांचंही बहुतेकांचं बरंच झालं. ती बुधवारच्या रांगेत बसली, दोन महिने कागदांसाठी हेलपाटे घातले, मग तिला नेहमीचं इंजेक्शन मिळू लागलं. डोळा थोडा सुधारला. दोरा अजूनही सूनच ओवते. एका बुधवारी मी तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसले आणि विचारलं, त्या दिवशी शिवण्णाने मुकाट्याने सही केली असती तर तुम्ही केली असती का?

"केलीच असती की," ती म्हणाली. "तुमी इतक्या आपुलकीनं सांगत होता. तुमाला न्हाई म्हनायला तोंड कुठनं आनू?"

इतकी वर्षं ज्याला मी माझं कसब समजत होते त्याला तिने एका वाक्यात नाव देऊन टाकलं. कुणी कुणावर जबरदस्ती करू नये म्हणून नियम असतात, पैशाचं आमिष नको, धाकदपटशा नको. गोड बोलू नका असं कुठेच लिहिलेलं नाही.

त्यानंतरच्या अभ्यासांत, निवृत्त होईपर्यंत, मी एक नवी पद्धत पाळली. सही घेण्याआधी पेशंटला म्हणायचे, "आता एकदा मोठ्याने नको म्हणून दाखवा. येतं का बघू." लोक हसायचे, लाजायचे. एका बाईने नवऱ्याकडे बघून परवानगी मागितली, नुसत्या सरावासाठी. कुणी "नको" म्हणायचं, कुणी "बेडा", कुणी "वेंडाम", आणि दहातला एखादा ते म्हणून झाल्यावर सांगायचा की खरंच नको. मॉनिटर मुलीने चित्रीकरण बघून शेरा मारला: 'पेशंट आधी नकार देताना दिसते, खुलासा करावा.' मी खुलासा केला. शिवण्णाने त्यावर साक्षीदार म्हणून सही करायची तयारी दाखवली, पण तेवढी गरज पडली नाही. त्याचं मशिन अजून बरं नाही असं परवाच कळलं.

आता मी घरीच असते. यंदा दिवाळीसाठी सुनेने साडी दिली आणि तिच्यातलं ब्लाऊजपीस घेऊन मी गांधी बाजाराच्या मागच्या गल्लीत गेले. दुकानात गर्दी होती. तुळजाबाई एका गिऱ्हाइकाशी कानडीत खडाजंगी करत होती. मला बघून तिने स्टूल पुढे सरकवलं, बसा म्हणाली, घरची चौकशी केली. मी कापड काढलं आणि माझ्या त्या जुन्या आवाजात म्हटलं, "पाडव्याच्या आधी द्याल ना? तुमच्याशिवाय कुणाकडे जाणार मी?"

तिने कापड हातात घेतलं, उजेडाकडे धरून डाव्या डोळ्याने बघितलं, घडी घातली आणि परत माझ्या मांडीवर ठेवलं.

"न्हाई अक्का," ती मराठीत म्हणाली. "दिवाळीच्या आदी न्हाई जमायचं."

पाडव्याला मी जुनंच ब्लाऊज घातलं. रंग जुळत नाही असं सून दोनदा म्हणाली.